बँडवाल्यांशी मॅच

असलं लिखाण केस पांढरे झाल्यावर करायचं असतं म्हणे. माझे अजून झालेले नाहीत, आणि तेवढं थांबायची मला सवयही नाही. शिवाय इथे जे सांगायचं आहे त्यात चूक माझी होती. ती आत्ताच लिहून टाकलेली बरी. वय वाढलं की माणूस स्वतःच्या चुकांना अनुभव म्हणायला लागतो, आणि मग त्या वाचण्यासारख्या राहत नाहीत.

दीड वर्ष मी घराबाहेर होते. आधी सोलापूर, मग इचलकरंजी, शेवटी खाली तिरुप्पूर. शिलाईच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांना दिवसातून किती वेळा लघवीला जाऊ देतात, हा आमचा विषय. ऐकताना लोक तोंड वाकडं करायचे, म्हणून आम्ही तो पत्रकाच्या पहिल्याच ओळीत जाड टायपात छापायचो. पत्रक लिहायला मी तिथे शिकले. वाक्य लहान ठेवायचं, कोण कुणाला लुबाडतो ते नाव घेऊन सांगायचं, शेवटी नंबर घालून मागण्या. हात त्याला इतका सरावला की आईला मेसेज करतानाही मी एक, दोन, तीन असे मुद्दे घालायची. आई उत्तरात फक्त दोन नंबरच्या मुद्द्याचं उत्तर द्यायची: जेवलीस का.

आषाढातल्या एका शनिवारी सकाळी मी मॅजेस्टिकला, म्हणजे आमच्या शहरातल्या मोठ्या बसस्टँडवर, बसमधून उतरले. चिकपेटच्या मागे आमची गल्ली. रिक्षा तोंडाशीच थांबते, पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांमधून अंग चोरत चालायचं. हमाल 'स्वल्प बाजू, स्वल्प बाजू' करत डोक्यावरचं ओझं माझ्या कानाला घासून नेत होते. घर दिसायच्या आधी मला क्लॅरिनेट ऐकू आलं. एकच सूर लांबवर धरलेला, मग त्याच्या शेजारचा, पुन्हा पहिला. गल्लीच्या तोंडाशी मुनियण्णाच्या बँडचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर लाल कोट प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले, मोठा ढोल उभा राहायला जागा नाही म्हणून माळ्यावर. आषाढात लग्नं नसतात. मग बँडवाले दुकानाची फळी अर्धी उघडून दिवसभर नुसते वाजवत बसतात. लहानपणी मला वाटायचं, आषाढ हे गाण्याचं नाव आहे.

घरी शिरले तर आईनं मला पाहायच्या आधी बॅग पाहिली. बॅगेतून तिनं स्टीलचा तीन खणांचा डबा बाहेर काढला, जो मी जाताना चकल्या भरून नेला होता. आमच्या घरात एक कायदा आहे, आणि तो आईचा आहे: दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. वाटीत काही आलं असेल तर वाटीत काहीतरी घालूनच पाठवायचं, काही नसेल तर चिमूटभर साखर. शेजारणी तिला घाबरून असत. डबा आपल्याच घरचा असला तरी तिनं झाकण उघडलं. तिन्ही खणांत पत्रकं कोंबलेली होती.

"रिकामा तरी नाही आणलास," आई म्हणाली.

आतून अण्णांचा आवाज आला. "आलं का आमचं पत्रक?"

अण्णा म्हणजे माझे वडील. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यांना दोन बोटांत धरून फिरवून बघायची असते. मलाही त्यांनी खांदे धरून एकदा फिरवलं. "वाळलीस. पण मनगट आहे अजून. उद्या मॅच आहे, माहितीय नव्हं?"

मॅच म्हणजे बॉल बॅडमिंटन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: पिवळा लोकरीचा चेंडू, लाकडी रॅकेट, एका बाजूला पाच माणसं, आणि चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. आमच्या घरात हा खेळ देवघराच्या बरोबरीनं आहे. शिकवला तो अक्कानं, अण्णांच्या थोरल्या बहिणीनं. ती तरुणपणी कॉलेजच्या टीमची कॅप्टन होती, लग्न केलं नाही, शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाली, आणि अजूनही एकोणतीस पॉइंटांच्या जुन्या नियमानंच खेळते. नवीन नियम कुणी काढला की ती ऐकू येत नसल्यासारखं करते. दर आषाढात एका रविवारी घरची पाच माणसं आणि बँडची पाच माणसं, छत्राच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळतात. छत्र म्हणजे आमच्याकडे लग्नाचा हॉल. आषाढात तोही रिकामाच असतो.

या मॅचला एक शर्त आहे. माझ्या आजोबांनी आणि मुनियण्णाच्या वडिलांनी ती लावली. बँड जिंकला तर घरानं सगळ्या बँडला जेवू घालायचं. घर जिंकलं तर त्या दिवशी संध्याकाळी बँडनं गल्लीत खुर्च्यांवर बसून वाजवायचं, आणि काय वाजवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, गल्लीनं फर्माईश करायची नाही. लहानपणी मला दोन्ही निकाल सारखेच आवडायचे.

त्या शनिवारी दुपारी मात्र, दीड वर्षाच्या सवयीनं, मी ती शर्त पत्रकासारखी वाचली. ताटात मुद्दे होते, म्हणजे नाचणीचे गोळे, वाफाळते, मध्ये खळगा करून अवरेकाळूचं, म्हणजे पावट्यांचं, सार ओतलेलं. माझा भाऊ रघू आणि त्याची बायको मेघा मॅचसाठी सर्जापूर रोडवरून आले होते. मेघा पुण्याची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिला मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आता ती माझ्यापेक्षा भरभर गिळत होती. मी हात थांबवला आणि म्हणाले, "ज्या महिन्यात त्यांच्या हाताला काम नसतं, नेमकं त्याच महिन्यात आपण त्यांच्याकडून फुकट वाजवून घेतो. याला काय म्हणतात माहितीय?"

"मॅच," रघू म्हणाला.

"वेठ म्हणतात."

आईनं माझ्या ताटात आणखी सार ओतलं. अक्का म्हणाली, "मुनियण्णाला विचारलंस?"

"ज्याला राबवतात त्याला विचारून काय कळतं? त्याला सवय झालेली असते."

"अ‍ॅक्च्युअली पॉइंट आहे तिचा," मेघा म्हणाली, आणि रघूनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं लगेच पुढचा घास गिळला.

"सरी, सरी, असू दे," अण्णा म्हणाले. "मागण्या लिहून दे. परवा बघू."

सगळे हसले. मला राग आला. सभेत माझी चेष्टा झाली असती तर मी माइक सोडला नसता, पण घरात माइक नसतो. उघड बोलून हरले, म्हणून मी चोरून करायचं ठरवलं. हे मी आज जितक्या सहज लिहिते आहे तितक्याच सहज तेव्हा ठरवलं होतं. मॅच हरायची. बँड जेवेल, वाजवणार नाही, त्या वर्षापुरता तरी अन्याय थांबेल. गेल्या आषाढात मी नव्हते, माझ्या जागी शेजारचा कुणीतरी खेळला होता. तेव्हा मी फॉर्मात नाही हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं.

रविवारी ढग होते, पाऊस नव्हता. अण्णांनी सकाळीच रांगोळीच्या पुडीनं रेषा मारल्या होत्या, फूटपट्टी लावल्यासारख्या. आई एका बाजूला स्टुलावर पाटी आणि खडू घेऊन बसली. गुण लिहायचं काम तिचं, आणि तिच्याशी वाद घालायची पद्धत नाही. बँडचे पाचही जण लुंग्या वर खोचून, अनवाणी. मुनियण्णा पुढे, जाळीजवळ. साठी उलटलेला, काटक, तोंडावर हातरुमाल बांधलेला. मी म्हटलं, धुळीमुळे असेल. त्यानं मला पाहून फक्त भुवया वर केल्या. नाहीतर एरवी तो लांबूनच 'काय गे हुडुगी, सरकार पाडलंस का' असं ओरडणारा माणूस. मागे राजप्पा, ढोलवाला, ज्याचा हात असा पडतो की लोकरीचा चेंडूसुद्धा दुखावल्यासारखा आवाज करतो.

पहिला गेम घरानं जिंकला, अक्कामुळे. ती मागे एका जागी उभी राहते आणि चेंडू तिच्याकडे बोलावल्यासारखा येतो. मी त्या गेममध्ये नीटच खेळले, कारण पहिल्याच गेममध्ये चुकणं नाटकी दिसलं असतं. पत्रकवाल्यांना एवढं नियोजन येतं. दुसऱ्या गेममध्ये मी सुरू केलं. चेंडू मी सुंदर मारत होते. फक्त मागच्या रेषेच्या वीतभर बाहेर. एक, मग जरा थांबून दुसरा, मग लागोपाठ दोन. अण्णा प्रत्येक वेळी 'आयतु, आयतु, झालं गेलं, पुढचा' म्हणायचे. रघू चिडला होता. बँडनं गेम घेतला. एक-एक. आता तिसरा जो घेईल त्याची मॅच.

मधल्या वेळात मज्जिगे आलं, म्हणजे कढीपत्ता आणि आलं ठेचून घातलेलं पातळ ताक. अक्का ग्लास घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"हात गेलेला नाही तुझा," ती म्हणाली. "मोजून मारतीयस."

मी रॅकेटच्या तारा बोटानं सरळ करत राहिले.

"उद्या मुनियण्णाचे पुढचे दात काढणार आहेत. वरचे चार. हलतायत नुसते. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून धरतात, माहितीय का तुला? कवळी बसली की फुंक तशी राहात नाही. या वयात पुन्हा सूर लागेल असं त्यालाच वाटत नाही." तिनं ग्लास खाली ठेवला. "आज आपण जिंकलो तर संध्याकाळी तो शेवटचं बसून वाजवणार आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू पत्रक काढलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मी दुसरं विचारलं. "पण मॅचचं काय एवढं. आपण त्याला नुसतं वाजव म्हणू या ना."

"म्हणून बघ. हरल्याशिवाय नाही वाजवणार तो. बापानं लावलेली शर्त आहे त्याची. आणि मुद्दाम हरणार पण नाही. तुझं वेठीचं बोलणं त्याच्या कानावर गेलंय."

जाळीपाशी गेले तेव्हा मुनियण्णा पलीकडे उभाच होता. त्यानं रुमाल हनुवटीवर ओढला. वरचा ओठ सुजलेला होता. तो आमच्याशी मराठी बोलतो, गल्लीत शिकलेली, कानडीच्या चालीवर.

"मला जेवणच पाहिजे असतं तर तुझ्या आईकडं ताट मागितलं असतं," तो हळू म्हणाला, म्हणजे पाटीपर्यंत ऐकू जाऊ नये इतपत. "वर्षभर आम्ही चालत वाजवतो. पुढं घोडा, मागं जनरेटर. कोण ऐकतो? नाचणारे ऐकतात का? आषाढात एकदा बसून वाजवतो. लोक पण बसतात. तू मला त्यातनं सोडवायला लागलीस?"

त्यानं रुमाल पुन्हा वर ओढला आणि जागेवर गेला.

पत्रकात एक सोय असते: ज्याच्या वतीनं लिहिता तो समोर उभा नसतो. हे वाक्य मला त्यानंतर काही वर्षांनी एका सभेत सुचलं आणि मी ते तिथे बोलले नाही, कारण टाळ्या पडल्या असत्या.

तिसरा गेम मी जीव तोडून खेळले. ते लोक सोडत नव्हते. राजप्पाचे चेंडू छातीवर येत होते, पोरसवदा ट्रम्पेटवाला वेगानं धावत होता, मुनियण्णा जाळीवरून टिचकी मारल्यासारखा चेंडू टाकत होता. दीड वर्ष बसमध्ये आणि सतरंज्यांवर काढलेलं माझं शरीर मला फार लवकर कळवायला लागलं. मेघा माझ्या बाजूला होती; पडली, गुडघा सोलला, उठली, 'आय एम फाइन' म्हणाली आणि पुढचा चेंडू उचलला. वीस-वीस. पंचवीस-चोवीस. मग आमचे सत्तावीस, त्यांचे अठ्ठावीस. एक चुकला तर संपलं. शेवटचा चेंडू उंच आला, माझ्याच डोक्यावर, ज्याला आमच्याकडे दान म्हणतात तसा सोपा. मी चेंडूच्या खाली आले, मागे गेले, रॅकेट फिरवली. टक्. चेंडू रॅकेटच्या लाकडी कडेला लागला आणि कुठेतरी तिरपा जाऊन छत्राच्या भिंतीवर आपटला.

आईनं खडू उचलला होता, पण लिहिलं नाही. रघू माझ्याकडे बघत होता. अण्णा जमिनीकडे. मी सरळ उभी होते आणि मला कळत होतं की मी आता शपथ घेतली तरी कुणाला काही सांगू शकणार नाही. दुसऱ्या गेमचे ते चार चेंडू माझ्या आणि त्यांच्या मध्ये पडलेले होते.

"हा खरा होता," मुनियण्णा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मगाचचे चार तारेवर लागले. गोड लागले, आणि बाहेर गेले. हा लाकडावर लागला." त्यानं कानाला बोट लावलं. "लिव्हा, अव्वा."

आईनं एकोणतीस लिहिले.

शर्तीप्रमाणे जेवण झालं. आईनं मटणाचा पुलाव केला होता, सुक्या पानांच्या दोन्नेंमध्ये, म्हणजे द्रोणांमध्ये, वाढला, सोबत काकडीची कोसंबरी. बँडचे लोक जिंकून आलेल्यासारखे जेवले, मोठ्यानं, एकमेकांच्या दोन्नेत हात घालत. राजप्पा मेघाच्या गुडघ्याला कुंकू लावायचं म्हणत होता आणि ती त्याला बेटाडिन समजावून सांगत होती. मुनियण्णाच्या दोन्नेत आईनं मटण बारीक तोडून घातलं होतं. तो हळूहळू, एका बाजूनं चावत होता. मी वाढत होते. त्याच्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "मुनियण्णा, माझं चुकलं."

"भात घाल," तो म्हणाला. "स्वल्प."

रत्नम्माचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, गुडघे धरलेले असतात, ती आली नव्हती. निघताना आईनं तिच्यासाठी पुलाव भरून दिला, त्याच तीन खणांच्या डब्यात. पत्रकं तिनं आदल्या दिवशीच काढून खिडकीत ठेवली होती, वर पितळी अडकित्ता, उडू नयेत म्हणून. मुनियण्णानं डबा काखेत धरला आणि गल्लीतून खाली गेला. एरवी जिंकल्यावर रघू दुपारीच छत्रातून खुर्च्या आणून मांडायचा. त्या दिवशी त्या भिंतीला लावून तशाच होत्या. मला कुणी काही बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याला कवळी बसली, हे आत्ताच सांगून टाकते. आता सात वर्षं झाली. तो लग्नांत वाजवत नाही. बँड राजप्पा चालवतो. मॅच मात्र खेळतो, पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, आणि कुणाचा चेंडू तारेवर लागला नि कुणाचा लाकडावर याचा निकाल आता तोच देतो. मी अजूनही पत्रकं लिहिते. मागण्या अजूनही नंबर घालून.

त्या दिवशी साडेपाच-सहा वाजले असतील. दुकानं रविवारची बंद, गल्ली मोकळी, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी. आम्ही घरचे सगळे पायरीवर बसलो होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुनियण्णा वर येताना दिसला. एका हातात डबा, दुसऱ्या काखेत काळी पेटी. मागून राजप्पा, लहान ढोल घेऊन, आपण सहज फिरायला निघालोय असं तोंड करून.

मुनियण्णानं डबा आईच्या हातात दिला. मग अण्णांकडे वळून म्हणाला, "अण्णा, एक खुर्ची."

अण्णा उठले नाहीत. "आज तू जिंकलायस मुनियण्णा. शर्त शर्त आहे."

"शर्तीचं कोण बोलतंय? डबा द्यायला आलो."

रघूनं खुर्ची आणली. मग आणखी दोन आणल्या, मग धावत जाऊन सगळ्याच आणल्या. मुनियण्णानं पेटी मांडीवर घेऊन उघडली, क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून जोडले, फुंकायची पट्टी ओठात भिजवली. सुजलेला ओठ त्यानं दोनदा इकडेतिकडे करून पाहिला. दारं उघडत होती. वरच्या माळ्यावरचे दोन हमाल खाली येऊन पोत्यांवर बसले. पूर्वी अशा संध्याकाळी मी लोकांमधून फिरून कसली ना कसली पत्रकं वाटायची. एवढे लोक एका जागी बसलेले पुन्हा कुठे मिळणार, असा माझा हिशेब. पत्रकं त्या दिवशीही खिडकीत होती, हात लांबवला की मिळाली असती.

त्यानं नाचायचं एकही गाणं वाजवलं नाही. लांब सूर होते, सकाळी सराव करताना धरायचा तसे, एकमेकांशेजारचे. मधेच श्वास तुटायचा, एकदा सूर फाटला, तेव्हा तो थांबला, तोंड पुसलं, आणि जिथे फाटला होता तिथूनच पुन्हा धरला. राजप्पाचा तो दणकट हात ढोलावर बोटांनी नुसता चालत होता. अक्का डोळे मिटून बसली होती. मी शेवटपर्यंत उठले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संपल्यावर त्यानं पट्टी काढून रुमालात गुंडाळली आणि पेटी बंद केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्या गल्लीत तशी पद्धत नाही. आई आत जायला उठली. सवयीनं तिनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. तिन्ही खण धुऊन पुसून लख्ख, रिकामे. मी तिच्याकडे बघत होते. तिनं झाकण लावलं, आणि डबा फळीवर जागच्या जागी ठेवून दिला.